घरच्या माणसाला मनाविरुद्ध दाखल करायची वेळ आली तर : बडोद्यातल्या मराठी घरांसाठी

एका घरात मुलगा कितीतरी रात्री झोपलेला नाही. समोरच्या गॅलरीतून आपल्यावर कॅमेरा लावलाय म्हणतो, आईने वाढलेलं ताट विष म्हणून मोरीत ओततो, आणि दवाखान्याचं नाव काढलं की अंगावर येतो. दुसऱ्या घरात नवरा दूधवाल्याच्या आधी उठतो तो पहिला घोट घ्यायला. नोकरी गेली, बायकोचे दागिने गेले, पण दुपारी विचारलं तर शांतपणे सांगतो, "माझं मला कळतं. मला कुठेही जायचं नाही."

दोन्ही घरं एकच प्रश्न विचारतात : याला त्याच्या मनाविरुद्ध दाखल करता येईल का? पहिल्या घराला उत्तर आहे, बहुधा हो, आणि आजच निघा. दुसऱ्याला उत्तर आहे, आज तरी नाही. ही दोन उत्तरं वेगळी का, हे समजलं की पुढची निम्मी धावपळ वाचते.

कायदा नेमकं काय तपासतो

लागू होतो तो मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७. तो २०१८ पासून अमलात आहे. आधीच्या १९८७ च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटच्या ऑर्डरला फार वजन होतं, म्हणून वडीलधारी मंडळी अजूनही सांगतात, "न्यायमंदिरात जाऊन ऑर्डर काढा." न्यायमंदिरातली, म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीतली, कोर्टं दिवाळीपुऱ्याला गेली, आणि घरच्यांनी आणलेल्या रुग्णापुरती ती ऑर्डरही गेली. आता अर्ज घरचा माणूस करतो, निर्णय डॉक्टर घेतात आणि त्या निर्णयावर पुनरावलोकन मंडळ, म्हणजे न्यायक्षेत्रातली व्यक्ती, डॉक्टर आणि रुग्णांच्या बाजूची माणसं असलेलं कायद्यातलं मंडळ, नजर ठेवतं. मॅजिस्ट्रेटचा संबंध काही ठरावीक प्रसंगांतच येतो. ते पुढे सांगतो.

मनाविरुद्ध दाखल करण्याचं कलम ८९. त्यात आधी धोका पाहतात, आणि धोका तीनच प्रकारचा. माणसाने अलीकडे स्वतःला इजा करण्याची धमकी दिली आहे किंवा तसा प्रयत्न केला आहे. किंवा तो दुसऱ्यावर हात टाकतो आहे, निदान दुसऱ्याला त्याच्यापासून मार बसेल अशी भीती वाटावी असं वागतो आहे. किंवा स्वतःची काळजी घेणं त्याला इतकं जमेनासं झालंय की त्यातून त्यालाच अपाय होईल : जेवत नाही, रस्त्यावर भटकतो, मधुमेहाचं औषध महिनाभर घेतलेलं नाही. यातलं एक पुरतं, पण ते आजारामुळे आलेलं असलं पाहिजे. "रात्री मोठ्याने गाणी लावतो, सोसायटीवाले तक्रार करतात," एवढ्याने यातली एकही अट भागत नाही.

धोका दिसला तरी काम होत नाही. उपचाराचा निर्णय स्वतः घेण्याची क्षमता त्या माणसात त्या घडीला नाही, हेही दिसावं लागतं. समोर ठेवलेली माहिती त्याला समजते का, हो किंवा नाही म्हटल्याचे परिणाम त्याच्या लक्षात येतात का, आणि आपला निर्णय तो बोलून, खुणेने, कसाही सांगू शकतो का. कॅमेरा लावलाय म्हणणारा मुलगा इथे अडकतो, कारण त्याच्या लेखी डॉक्टरही त्याच कटात सामील आहेत. शांतपणे नाही म्हणणारा नवरा इथे पास होतो. कलम ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटतो, एवढ्यावरून त्याला क्षमता नाही असं धरता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या घरांना सगळ्यात जास्त राग याच कलमाचा येतो. पण हेच कलम नसतं तर मालमत्तेच्या भांडणात किती भाऊ आत गेले असते, याचाही हिशेब मांडून पाहावा.

तिसरी अट : दाखल करणं हा त्या परिस्थितीतला कमीत कमी बंधनाचा मार्ग आहे, असं डॉक्टरांना प्रमाणित करावं लागतं. घरी राहून, ओपीडीत येऊन, गोळ्यांवर भागत असेल तर भरती नाही.

मुलगी परजातीत लग्न करायचं म्हणते, सून देवधर्म पाळत नाही, मुलगा इंजिनिअरिंग सोडून नाटकं करतो, ही कारणं कायद्याने सरळ बाद केली आहेत. समाजाच्या रूढ नैतिक, सांस्कृतिक किंवा धार्मिक कल्पनांशी जुळत नाही म्हणून कुणाला मानसिक रुग्ण ठरवता येत नाही. पूर्वी कधी मानसिक उपचार घेतले होते, हेही आजचं कारण होऊ शकत नाही.

व्यसनाचं काय

कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात. म्हणजे व्यसनी माणसाला कलम ८९ लागू होऊ शकतं. पण वरच्या सगळ्या अटींसकट. दारू पितो, पैसे उडवतो, घर बुडवतो, हे सगळं खरं असलं तरी शुद्धीत असताना तो समजून उमजून नाही म्हणत असेल तर त्याला उचलून नेता येत नाही. कितीही जीव जळला तरी.

चित्र पालटतं ते दोन वेळी. एक, दारूने किंवा गांजाने भ्रम सुरू झाले, संशय, आवाज ऐकू येणं, मारहाण. दोन, रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली. शेवटच्या पेल्यानंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हातापायांना कंप, घाम, झटके, नसलेली माणसं आणि किडे दिसणं, दिवस-रात्र न कळणं, असं होऊ शकतं. यात माणूस दगावतो. म्हणून "खोलीत कोंडून ठेवा, तीन दिवसांत उतरेल," हा सल्ला देणाऱ्या काकांना दाराबाहेरच थांबवा. ही वेळ इमर्जन्सीची. सरळ १०८ लावा.

इमर्जन्सीसाठी वेगळं कलम आहे, ९४. मृत्यू किंवा कायमची हानी टाळायची असेल, माणूस स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा करेल असं दिसत असेल, किंवा आजारापायी मालमत्तेची मोठी नासधूस करत असेल, तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी घरी येऊनही, तातडीचा उपचार करू शकतो. घरचा प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती घेतली जाते. जवळच्या मानसिक आरोग्य केंद्रात नेणं हेही याच उपचारात धरलंय. मुदत ७२ तास, किंवा केंद्रात तपासणी होईपर्यंत, यातलं जे आधी येईल ते. शॉक ट्रीटमेंट या कलमाखाली देता येत नाही.

आता बडोद्याची खास अडचण. गुजरातेत दारूबंदी आहे. कायदा मुळात मुंबई राज्याच्या काळातला, १९४९ चा. त्यामुळे पिऊन धिंगाणा घालणाऱ्या मुलासाठी पोलिसांना बोलवायला आई घाबरते. आजारी पोराची सोय करायला गेलो आणि त्याच्यावर प्रोहिबिशनची केस झाली, तर? भीती खोटी नाही. फोनवर तुम्ही काय बोलता यावर बरंच अवलंबून असतं. "दारू पीने धमाल करे छे," असं सांगितलं तर येणारा हवालदार दारूबंदीचा माणूस म्हणूनच येतो. खरी अडचण आजाराची आणि जिवाच्या धोक्याची असेल तर तेच आधी, स्पष्ट सांगा : "मारा भाईने मानसिक बीमारी छे, एना जीवनुं जोखम छे, दवाखाने लई जवामां मदद जोईए छे." हातात जुनी चिठ्ठी, डॉक्टरांचं नाव तयार ठेवा. खोटं मात्र काही सांगू नका. दवाखान्यात दारूबद्दल काहीही लपवू नका, किती आणि कधीपासून ते सांगा. दारू लपवली तर औषधाचा डोस चुकतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर कलम २३ ने बंधनकारक आहे. अपघात किंवा मारामारीची जखम असेल तर मात्र पोलिसांत नोंद होते, ती टळत नाही.

ड्रग्जच्या बाबतीत एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, कलम ६४-अ आहे. व्यसनी माणसावर फक्त सेवनाचा किंवा थोड्या प्रमाणातल्या मालाचा आरोप असेल आणि तो सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात आपणहून उपचाराला आला, तर त्याला खटल्यापासून सूट मिळू शकते. उपचार अर्धवट सोडले तर ती सूट जाते. वकिलाशी बोलून हे आधी समजून घ्या. व्यसनमुक्तीच्या साध्या चौकशीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

गाडी पाठवून उचलून नेणाऱ्या केंद्रांबद्दल

हे जरा सविस्तर सांगतो, कारण पैसे आणि माणूस दोन्ही इथेच जास्त जातात. तुम्ही फोन करता, पलीकडचा गोड बोलतो, रात्री अकराला गाडी येते, चार धट्टीकट्टी पोरं उतरतात आणि माणसाला उशीने दाबून गाडीत घालतात. सकाळी सांगतात, सहा महिने भेटायचं नाही, पैसे आगाऊ भरा. यातलं काहीही कलम ८९ मध्ये बसत नाही. दोन डॉक्टरांची तपासणी झालेली नाही, क्षमता कुणी पाहिलेली नाही, आणि कायद्याने मनाविरुद्ध भरतीची पहिली मुदतच ३० दिवसांची आहे, सहा महिन्यांची नव्हे.

व्यसनी माणसांना भरती करून ठेवणारं केंद्र हेही या कायद्याच्या कक्षेत येतं आणि त्याला राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसताना केंद्र चालवलं तर पहिल्या वेळी ५ हजार ते ५० हजार रुपये दंड आहे, पुढच्या वेळी तो लाखांत जातो. तेव्हा पैसे भरण्याआधी तिथे स्वतः जा. नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर दिसलं पाहिजे. मनोविकारतज्ज्ञ कोण, आठवड्यातून कधी येतात, रात्री झटके आले तर कुणाला बोलावतात, हे विचारा. आत असलेल्या एखाद्या रुग्णाशी दोन मिनिटं एकटं बोलू देतात का पाहा. नाही म्हणाले तर चहा न घेता उठा.

वही घाला

डॉक्टरांपुढे घरची माणसं रडतात, आणि रडताना तारखा विसरतात. "नेहमीच असं करतो," या वाक्यातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही, कारण कायदा अलीकडचं वागणं विचारतो. म्हणून एक साधी वही घ्या आणि रोज दोन ओळी लिहा. काय पाहिलं ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको. उदाहरणार्थ :

"मंगळवार, रात्री २. गॅसची शेगडी पेटवून पडदा त्यावर धरला. बाबांनी ओढून घेतला. 'सगळ्यांना मोकळं करतो' म्हणाला."

"बुधवार. सकाळपासून पाणीही नाही. संध्याकाळी शेजारच्या जोशीकाकूंच्या दारावर लाथा. त्यांनी पाहिलं."

"गुरुवार. गोळी जिभेखाली धरून थुंकली. झोप एक तास."

अशी आठवडाभराची दोन पानं डॉक्टरांना तासभराच्या गोष्टीपेक्षा जास्त सांगतात. घरच्यांनी दिलेली माहिती डॉक्टरांनी विचारात घ्यावी, हे कलम ८९ मध्येच आहे. वहीत "वेडा झालाय", "अंगात आलंय" असे शब्द नकोत. आणि ती त्याच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

सही कुणाची

अर्ज करू शकतो तो नामनिर्देशित प्रतिनिधी. कोणत्याही सज्ञान माणसाला बरं असताना साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमता येतो. स्टॅम्प पेपर लागत नाही. नेमलेल्या माणसानेही लेखी होकार द्यायचा असतो. मजकूर एवढा पुरे : "मी, अमुक, राहणार दांडिया बाजार, माझ्या मानसिक आरोग्यसेवेच्या बाबतीत माझी बहीण तमुक हिला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमतो." खाली तारीख, सही. त्याखाली बहिणीची ओळ, "मला मान्य आहे," आणि तिची सही.

कुणी नेमलेलाच नसेल तर नातेवाईक, मग काळजी घेणारी व्यक्ती, मग मंडळाने नेमलेला कुणी, असा क्रम आहे. कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचा संचालक. नातेवाईक म्हणजे रक्ताचा, लग्नाचा किंवा दत्तक नात्याचा कुणीही. बायको आधी की भाऊ आधी, हे कायदा सांगत नाही. इथेच घरं फाटतात. दवाखान्याच्या टेबलासमोर वहिनी आणि दीर भांडत उभे असले की डॉक्टरही सावध होतात आणि आजची भरती उद्यावर जाते. कोण सही करणार हे निघण्याआधी घरीच ठरवा. जमलंच नाही तर मंडळाकडे अर्ज करता येतो, त्यावर सात दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

सही करणारा मालक होत नाही, हेही सांगून ठेवतो. त्याने रुग्णाची इच्छा, पूर्वी सांगितलेली मतं आणि त्याचं भलं लक्षात घेऊनच निर्णय घ्यायचा आहे.

दवाखान्यात पोहोचल्यावर

बडोद्यात सरकारी मानसिक आरोग्य रुग्णालय कारेलीबागेत आहे, आणि सयाजी हॉस्पिटलमध्येही मनोविकार विभाग आहे. अंगावर जखम, विष घेतलेलं, झटके, ताप असं काही असेल तर आधी सयाजीच. जिवाचा धोका टळू द्या, मनाचं मग.

माणसाला आणायचं कसं? "सुरतला लग्नाला जाऊ," म्हणून गाडीत बसवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. माझं मत विचाराल तर टाळा. त्या दिवशी काम होतं, पण पुढची अनेक वर्षं तो तुमच्या हातची गोळी घेत नाही. "तुला झोप नाही, मलाही नाही, डॉक्टरांना दाखवू, मी बरोबर आहे," असं खरं सांगितल्यावर वाटतात त्यापेक्षा जास्त माणसं येतात. अगदीच येत नसेल आणि धोका असेल तर १०८ किंवा पोलीस. हातपाय बांधून स्कूटरवर मधे बसवून आणू नका.

पोलिसांचं काम कलम १०० मध्ये आहे. आजारामुळे जो स्वतःला किंवा दुसऱ्याला धोका आहे, किंवा जो भटकतो आहे आणि स्वतःची काळजी घेऊ शकत नाही, अशा माणसाला पोलिसांनी संरक्षणात घ्यायचं आणि शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त २४ तासांत, जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला न्यायचं. लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. कुणी रुग्णाला घरात कोंडून, उपाशी ठेवून छळत असेल तर पोलीस तसा अहवाल मॅजिस्ट्रेटला देतात, आणि मॅजिस्ट्रेट तपासणीसाठी जास्तीत जास्त दहा दिवस भरतीचा आदेश देऊ शकतात. अशा घराची खबर शेजारीही पोलिसांना देऊ शकतात.

आत गेल्यावर पहिला प्रयत्न आपखुशीच्या भरतीचा व्हायला हवा, कलम ८६. रुग्णाला आजाराची जाण असेल आणि तो स्वतःहून तयार असेल तर तो स्वतःच सही करतो आणि स्वतःच सुट्टी मागू शकतो. सुट्टी मागितल्यावर प्रकृती धोक्याची वाटली तर डॉक्टर त्याला २४ तास थांबवून कलम ८९ साठी तपासू शकतात. धाकाने किंवा थाप मारून घेतलेली सही म्हणजे आपखुशी नाही. कागदावर ८६ लिहून माणसाला मनाविरुद्ध ठेवलंय, असं दिसलं तर तिथेच आवाज उठवा.

८९ खाली भरती असेल तर दोन जण स्वतंत्रपणे तपासतात : एक मनोविकारतज्ज्ञ, दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर. तपासणी त्याच दिवशीची किंवा आधीच्या सात दिवसांतली हवी. दोघांचं मत जुळलं पाहिजे. रुग्णाशी बोलताना तुम्हाला बाहेर बसवलं तर बसा, आतून ओरडा आला तरी दार ढकलू नका. आपलं म्हणणं वेगळं सांगायला वेळ मिळतो. बरोबर न्यायचं ते एवढंच : वही, जुन्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं, दोघांची ओळखपत्रं, मधुमेह-रक्तदाबाची औषधं, चष्मा, चपला, दोन जोडी कपडे.

फॉर्म बहुधा गुजरातीत किंवा इंग्रजीत असतो. आपल्यातल्या पुष्कळांना गुजराती बोलता येतं, पण वाचताना घाई होते. "वांची संभळावो ने," (वाचून दाखवा ना) म्हणायला लाजू नका. कलम कोणतं लावलंय हे सही करण्याआधी विचारा, आणि कागदाची प्रत मागून घ्या. एवढी दोन वाक्यं विचारणाऱ्या नातेवाइकाकडे दवाखान्यातही वेगळ्या नजरेने पाहतात.

अठरा वर्षांखालच्या मुलासाठी कलम ८७ आहे. तिथेही दोन स्वतंत्र तपासण्या, मोठ्यांपासून वेगळी जागा आणि पालकाने सोबत राहणं, मंडळाला ७२ तासांत कळवणं.

तीस दिवसांचं घड्याळ

भरती झाली की घरी सगळे गाढ झोपतात, आणि ते साहजिक आहे. पण तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहून ठेवा. ८९ ची मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. अटी आधीच संपल्या तर मुदतीची वाट न पाहता त्याला सोडायचं किंवा त्याच्या इच्छेने ८६ खाली ठेवायचं. क्षमता परत आली का, हे दर सात दिवसांनी पाहायचं असतं. बाईची किंवा अल्पवयीनाची भरती असेल तर मंडळाला तीन दिवसांत, इतरांची सात दिवसांत कळवायची.

३० दिवसांनंतरही गरज असेल, किंवा सुट्टीनंतर सात दिवसांच्या आत पुन्हा आणावं लागलं, तर कलम ९०. इथे दोन मनोविकारतज्ज्ञ लागतात आणि मंडळाची मंजुरी लागते. पहिल्यांदा ९० दिवसांपर्यंत, मग १२०, मग प्रत्येक वेळी १८०. अशी वेळ फार थोड्यांवर येते. आजाराचे बहुतेक तीव्र झटके काही आठवड्यांत ओसरतात, आणि मग प्रश्न भरतीचा राहत नाही, गोळी रोज कोण देणार याचा होतो.

आत काय चालतं आणि काय चालत नाही, ते माहीत असू द्या. साखळी कोणत्याही परिस्थितीत नाही. २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूत एरवाडीला साखळदंडाने बांधलेले रुग्ण आगीत जळाले, त्यानंतर तरी याला कुणी उपचार म्हणू नये. एकांत कोठडी नाही. हातपाय बांधायचे तर दुसरा कोणताही उपाय नसताना, मनोविकारतज्ज्ञांच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, कारण नोंदवून, आणि प्रतिनिधीला २४ तासांत कळवून. शॉक ट्रीटमेंट भूल आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधाशिवाय देता येत नाही. नीट दिली तर ती चांगला उपचार आहे, सिनेमात दाखवतात तशी नाही. सक्तीने टक्कल करता येत नाही. स्वतःचे कपडे घालता येतात. काम करून घेतलं तर मोबदला द्यायला हवा. फोन, पत्रं, भेटी हा हक्क आहे.

दाखल झालेले तुम्हीच असाल तर

कुठल्या कलमाखाली आणि का ठेवलंय, हे तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगणं दवाखान्याचं काम आहे, मराठीत हवं असेल तर तसं म्हणा. भरती मान्य नसेल तर पुनरावलोकन मंडळाकडे अर्ज करा. फी नाही, छापील नमुन्यासाठी अडून राहू नका. "मला अमुक तारखेपासून कलम ८९ खाली ठेवलं आहे, ते मला मान्य नाही, माझी सुनावणी घ्यावी," एवढं लिहून सही करा आणि वॉर्डातल्या डॉक्टरांकडून पोहोच घ्या. ८९ वरच्या अर्जाचा निकाल सात दिवसांत द्यायचा आहे. निकाल पटला नाही तर ३० दिवसांत हायकोर्टात अपील. मंडळावर न्यायक्षेत्रातली व्यक्ती असते, डॉक्टर असतात, आणि स्वतः आजारातून गेलेली किंवा काळजी घेणारी माणसंही असतात, त्यामुळे तुमचं बोलणं तिथे पहिल्यांदाच कुणी नीट ऐकेल अशी शक्यता आहे. वकील फुकट मिळतो : जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, किंवा १५१०० वर फोन.

आत राहिलात म्हणून तुम्ही कायद्याच्या भाषेत "अस्थिर मनाचे" ठरत नाही. तसं फक्त सक्षम कोर्टच ठरवू शकतं. कुणी त्या भरतीच्या कागदावर घर नावावर करून घ्यायला आलं, तर त्याला हे ऐकवा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर दाखल झाला असाल तर केसची धास्ती घेऊ नका. कलम ११५ प्रमाणे तुम्ही प्रचंड ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंड संहितेचं जुनं ३०९ कलम घेतलेलं नाही.

सुट्टीच्या आधी आणि नंतर

सुट्टीचा कागद हातात घेऊन लगेच रिक्षा करू नका. कोणती गोळी किती दिवस, पुढची ओपीडी कोणत्या वारी, घरी बिघडलं तर कुणाला फोन, हे तिथेच लिहून घ्या. घरी परतण्याचं नियोजन प्रतिनिधीला बरोबर घेऊन करणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. वैद्यकीय कागदांच्या प्रती मागता येतात. मेडिक्लेम असेल तर दावा टाका, शरीराच्या आजारासारखाच मानसिक आजारालाही विमा द्यायचा हे कलम २१ मध्ये आहे. "यात बसत नाही," असं तोंडी उत्तर आलं तर लेखी मागा. रात्री-अपरात्री बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, भाषा निवडता येते.

मग महिना-दोन महिन्यांनी, माणूस सावरल्यावर, एक काम राहतं ते करा. त्याच्याकडून आगाऊ निर्देश लिहून घ्या, म्हणजे त्यालाच लिहू द्या : पुन्हा असं झालं तर मला कोणता उपचार चालेल, कोणता नको, कोणत्या औषधाने मागच्या वेळी जीभ जड झाली होती, कुणाला बोलवावं, कुणाला मुळीच बोलवू नये. त्यातच प्रतिनिधीचं नाव. दोन साक्षीदारांच्या सह्या घेऊन त्याची मंडळाकडे नोंद करतात, मत बदललं तर कधीही नवा लिहिता येतो. तातडीच्या उपचाराला हा निर्देश लागू होत नाही. आणि घरच्यांना किंवा डॉक्टरांना तो अजिबात पाळण्याजोगा वाटला नाही तर त्यांनी तो परस्पर बाजूला ठेवायचा नाही, मंडळाकडे जायचं. एक प्रत घरातल्या फाईलीत, एक ओपीडीच्या डॉक्टरांकडे, एक त्याच्या स्वतःच्या पाकिटात.